आधुनिक प्रोग्रामिंग भाषा म्हणजे नेमकं काय? कोर्सची फी भरण्याआधी हे वाचा

जालना : बारावीचा निकाल लागला की जालन्यापासून मंठा, परतूर, भोकरदनपर्यंत कॉम्प्युटर क्लासचे फ्लेक्स दिसू लागतात. ‘आधुनिक प्रोग्रामिंग लँग्वेज शिका’ असं वर ठळक अक्षरात आणि खाली सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन अशी नावांची रांग. फी भरणारा बाप कापूस-सोयाबीनच्या पट्टीतून पैसे बाजूला काढतो. त्याला ही सगळी नावं सारखीच. पोराला विचारावं तर तो म्हणतो, ‘पायथन घेऊ, ते नवीन आहे.’

पहिली गडबड इथंच आहे. पायथन नवीन नाही. नेदरलँड्सच्या गिडो व्हॅन रॉसम यांनी डिसेंबर १९८९ मध्ये तिचं काम सुरू केलं आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती लोकांसाठी खुली केली. जावा आली १९९५ ला. म्हणजे ज्या जावाला लोक जुनी म्हणतात ती पायथनपेक्षा चार वर्षांनी धाकटी आहे. जन्मसाल बघून भाषा आधुनिक की जुनी हे ठरवता येत नाही. मग कशावरून ठरतं, ते समजून घेतलं तर फ्लेक्सवरच्या शब्दाला कुणी फसणार नाही.

आधी भाषा म्हणजे काय ते

मोबाईलमधलं ॲप, मोंढ्यातल्या अडत दुकानातलं बिलाचं सॉफ्टवेअर, एटीएम, ई-पीक पाहणी, हे सगळं कुणीतरी लिहून ठेवलेल्या सूचनांवर चालतं. मशीनला फक्त शून्य आणि एक कळतात, माणसाला त्यात लिहिणं जमत नाही. म्हणून मध्ये एक भाषा लागते. त्या भाषेतलं लिखाण तपासून मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामला कंपायलर म्हणतात. पायथनसारख्या भाषेत हे काम प्रोग्राम चालता चालता होतं, त्याला इंटरप्रिटर म्हणतात.

आयबीएमची फोर्ट्रान १९५७ ला आली, बँकांच्या कामाची कोबॉल त्यानंतर दोन-तीन वर्षांत, आणि सी भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास तयार केली. त्या काळी मशीन प्रचंड महाग होतं. मशीनचा एकेक क्षण वाचवायचा म्हणून तपासणीची कामं माणसाच्या डोक्यावर टाकलेली होती. प्रोग्राम लिहिणारा हुशार आहे, तो चुकणार नाही, असं धरूनच सी भाषा चालते. आज उलटं झालंय. मशीन स्वस्त झालं आणि माणसाच्या एका चुकीची किंमत कोटीत जाते. आधुनिक भाषेची खरी ओळख इथून सुरू होते : माणसाच्या किती चुका ती स्वतः पकडते, आणि कधी पकडते.

२० क्विंटल कापूस, पट्टी ८,९२८ रुपये

राज्यातल्याच नव्हे, देशातल्या अनेक कॉलेजांत आणि क्लासमध्ये आजही सी भाषा टर्बो सी नावाच्या निळ्या पडद्यावर शिकवली जाते. हे बोरलँड कंपनीचं सॉफ्टवेअर. टर्बो सी १९८७ चं, टर्बो सी प्लस प्लस १९९० चं. सी प्लस प्लस भाषेचं पहिलं अधिकृत प्रमाण १९९८ ला ठरलं, म्हणजे हे सॉफ्टवेअर त्याच्याही आधीचं. आजच्या विंडोजवर ते सरळ चालतसुद्धा नाही, डॉसबॉक्स नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामच्या आत बसवून चालवावं लागतं.

यात काय बिघडतं ते हिशोबानेच बघा. समजा २० क्विंटल कापूस, भाव ७,००० रुपये. एकूण १,४०,००० रुपये. टर्बो सीमध्ये ‘इंट’ प्रकारच्या आकड्यांत हा गुणाकार केला तर उत्तर येतं ८,९२८. पडद्यावर लाल अक्षर नाही, इशारा नाही, काही नाही. प्रोग्राम निवांत सांगतो की तुमचे ८,९२८ रुपये झाले.

कारण असं, की तिथे पूर्णांकाला १६ बिटांची जागा मिळते आणि त्या जागेत जास्तीत जास्त ३२,७६७ एवढाच आकडा मावतो. त्यापुढे गाडीच्या मीटरसारखं होतं : काटा फिरून पुन्हा मागे येतो. एक फेरा ६५,५३६ चा. १,४०,००० मधून दोन फेरे, म्हणजे १,३१,०७२ वजा केले की ८,९२८ उरतात.

आजच्या जीसीसी कंपायलरवर सी भाषेतला हाच प्रोग्राम बरोबर उत्तर देतो, कारण तिथे सहसा ३२ बिटांची जागा असते आणि २१४ कोटींच्या पुढेपर्यंत आकडा मावतो. म्हणजे खोट जागा वाढवून पुढे ढकलली, मुळातून गेली नाही. पायथनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादाच नाही, मशीनची मेमरी पुरेल तोपर्यंत आकडा वाढत जातो. रस्ट नावाच्या भाषेत जागा अपुरी पडतेय हे आधीच दिसत असेल तर कंपायलर प्रोग्राम तयारच होऊ देत नाही, आणि चाचणीच्या वेळी असा आकडा आला तर प्रोग्राम जागेवर थांबतो. चुकीची पट्टी हातात देण्यापेक्षा दुकान थांबलेलं बरं.

पोत्यावरची चिठ्ठी

अडतीत सोयाबीनच्या पोत्यावर एक चिठ्ठी आणि तुरीच्या पोत्यावर दुसरी. चिठ्ठी नसेल तर हमाल दोन्ही एकाच थप्पीला लावून मोकळा होतो. प्रोग्रामिंगमध्ये या चिठ्ठीला ‘टाइप’ म्हणतात : हा आकडा आहे, हे नाव आहे, ही तारीख आहे.

वेबसाइटसाठी जगभर वापरली जाणारी जावास्क्रिप्ट ही ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये अवघ्या १० दिवसांत उभी केलेली भाषा. तिच्यात चिठ्ठ्यांचा कारभार ढिला आहे. फॉर्ममधून आलेला ५ हा मजकूर म्हणून आला आणि त्यात ३ मिळवले तर उत्तर येतं ५३. त्याच ५ मधून ३ वजा केले तर मात्र २. बेरजेत चिकटवलं, वजाबाकीत मोजलं. छोट्या पानावर हे खपून जातं, हजारो ओळींच्या कामात माणूस हैराण होतो. म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१२ ला टाइपस्क्रिप्ट काढली. जावास्क्रिप्टच, पण प्रत्येक पोत्यावर चिठ्ठी लावलेली, आणि गाडी निघायच्या आधी तपासलेली.

पूर्वी चिठ्ठी लावणाऱ्या भाषा फार लिहायला लावायच्या. एकाच गोष्टीचा प्रकार दोन-दोनदा लिहा. नव्या भाषा पोत्यात काय आहे ते बघून चिठ्ठी स्वतः लावतात. जावानेही २०१८ ला हे उचललं. पायथनने २०१५ ला चिठ्ठ्यांची सोय दिली, पण ऐच्छिक.

रिकामा रकाना

फॉर्ममध्ये एखादा रकाना रिकामा राहिला आणि पुढच्या बाबूने तो भरलेला आहे असं समजून काम पुढे ढकललं, तर फाईल कुठेतरी जाऊन अडकतेच. प्रोग्राममध्ये या रिकाम्या रकान्याला ‘नल’ म्हणतात. ‘ॲप थांबले आहे’ असा जो संदेश फोनवर येतो, त्यामागे अनेकदा हाच नल असतो. ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ ला एका भाषेत आणली, आणि २००९ च्या एका भाषणात त्यांनीच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं.

अँड्रॉइड ॲपसाठीची कोटलिन भाषा इथे कडक आहे. एखादा रकाना रिकामा राहू शकतो असं वाटत असेल तर तिथे प्रश्नचिन्ह टाकून तसं कबूल करावं लागतं. आणि मग तो रिकामा निघाला तर काय करायचं हे लिहिल्याशिवाय कंपायलर पुढे जाऊ देत नाही. जेटब्रेन्स कंपनीने ही भाषा २०११ ला जाहीर केली, २०१६ ला पहिली पक्की आवृत्ती आली. गुगलने २०१७ ला तिला अँड्रॉइडसाठी मान्यता दिली आणि २०१९ पासून तिलाच पहिली पसंती ठेवली. अँड्रॉइड ॲप बनवायला शिकवतो म्हणून कुणी आज फक्त जावा शिकवत असेल तर त्याला कोटलिनबद्दल विचारायलाच पाहिजे.

बांध कोरणं आणि रस्टचा फेरफार

आता सगळ्यात मोठा मुद्दा. प्रोग्रामला काम करायला मेमरीत जागा लागते. जागा म्हणजे जमीनच समजा. सी आणि सी प्लस प्लसमध्ये ही जमीन प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतः मागायची आणि काम झालं की स्वतः परत द्यायची. दोन चुका हमखास होतात. एक, आपल्या वाट्याच्या पुढे जाऊन शेजाऱ्याचा बांध कोरणं. म्हणजे १० खणांची जागा मागितली आणि अकराव्यात लिहिलं. दुसरी, जमीन परत दिल्यावरही जुना उतारा खिशात ठेवून त्याच वावरात पेरायला जाणं. तोवर ती जमीन दुसऱ्याच्या नावावर झालेली असते.

गावात अशा वेळी भांडण होतं, मोजणी येते. कॉम्प्युटरमध्ये मोजणी नसते. शेजारच्या वावरात कुणाचा पासवर्ड, कुणाचा बँक हिशोब असतो, आणि चोर नेमक्या याच फटीतून आत शिरतात. मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा विभागाने २०१९ ला सांगितलं, की त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये दरवर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के या मेमरीच्या चुकांमुळे असतात.

यावर जुना उपाय म्हणजे झाडलोट करणारा गडी ठेवणं. कोणती जागा कुणी वापरत नाही हे तो बघतो आणि मोकळी करतो. ही युक्ती १९५९ च्या आसपास जॉन मॅकार्थी यांच्या लिस्प भाषेत आली. जावा, पायथन, गो, कोटलिन सगळ्या आज तीच वापरतात. गडी ठेवला की त्याची मजुरी आलीच : अशा भाषांना थोडी जास्त मेमरी लागते आणि मधूनच क्षणभर थांबावं लागतं. बिलाच्या दुकानात ते चालतं. गाडीच्या ब्रेकमध्ये किंवा फोनच्या मुळाशी असलेल्या सिस्टीममध्ये अडचण होते.

रस्ट भाषा इथे वेगळी निघाली. ग्रेडन होअर नावाचा मोझिलातला एक इंजिनिअर २००६ ला कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये २१ व्या मजल्यावर राहायचा. इमारतीची लिफ्ट सॉफ्टवेअरच्या बिघाडाने बंद पडायची आणि त्याला जिने चढावे लागायचे. त्या वैतागातून त्याने ही भाषा सुरू केली. पुढे मोझिलाने तिला हात दिला आणि १५ मे २०१५ ला पहिली पक्की आवृत्ती आली.

रस्टचा नियम आपल्याकडच्या कुणालाही पटकन कळेल. प्रत्येक वस्तूचा एका वेळी एकच मालक. वस्तू दुसऱ्याच्या नावावर केली की जुन्या मालकाचं नाव तिथल्या तिथे कमी. त्याने पुन्हा हात लावायचा प्रयत्न केला तर कंपायलर फेरफार नामंजूर करतो. वस्तू उसनी देता येते, पण अट आहे. नुसतं बघायला दहा जणांना द्या, चालतं. खाडाखोड करायला द्यायची तर एकालाच, आणि त्याचं काम चालू असेपर्यंत बाकी कुणी बघायचंही नाही. मालक गेला की जागा आपोआप मोकळी, म्हणून झाडलोट करणारा गडी लागतच नाही. हे सगळं प्रोग्राम चालायच्या आधी, लिहितानाच तपासलं जातं.

याचा फायदा आकड्यात दिसला आहे. गुगलने अँड्रॉइडमध्ये नवीन काम सी आणि सी प्लस प्लसऐवजी रस्ट, कोटलिन, जावासारख्या सुरक्षित भाषांत करायला घेतलं. २०१९ ला अँड्रॉइडमधल्या सुरक्षेच्या त्रुटींत मेमरीच्या चुकांचा वाटा ७६ टक्के होता, २०२४ ला तो २४ टक्क्यांवर आला. जुना कोड सगळा फेकून दिला नव्हता, फक्त नवीन कोड नव्या भाषेत लिहिला. डिसेंबर २०२२ पासून लिनक्सच्या गाभ्यातही रस्टला जागा मिळाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्हाइट हाउसच्या सायबर कार्यालयाने अशाच सुरक्षित भाषांकडे वळा असं कंपन्यांना सांगितलं.

रस्ट शिकायला मात्र अवघड आहे. पहिल्या महिन्यात कंपायलरच्या शिव्याच खाव्या लागतात. नवख्या पोराला पहिलीच भाषा म्हणून ती देऊ नये.

बीटी आलं म्हणून फवारणी संपली नाही

जालन्याच्या माणसाला ही गोष्ट बियाण्याच्या उदाहरणाने समजते. १९६४ ला बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली. मार्च २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हाचे पहिले वाण याच कंपनीचे. बीटीमध्ये बोंडअळीचा बंदोबस्त बियाण्याच्या आतच आहे, बाहेरून फवारायचा नाही. आधुनिक भाषाही तेच करते : चुकीचा बंदोबस्त भाषेच्या आत.

पण बीटीने मावा, तुडतुडे, पांढरी माशी थांबवली नाही, ते तिचं कामच नव्हतं. आणि २०१७ ला शेंदरी बोंडअळीने राज्यात कापसाचं काय केलं ते सगळ्यांना आठवतं. पाकिटासोबत येणारं नॉन-बीटी बियाणं बांधाकडेने लावायचा नियम बहुतेकांनी पाळला नव्हता, तेही एक कारण होतं.

भाषेचंही तसंच. रस्टमध्ये लिहिलेला प्रोग्राम कुणाचा बांध कोरणार नाही, पण अनुदानाचं सूत्रच चुकीचं लिहिलं तर चुकीचंच अनुदान वाटेल. युरोपचं एरियन ५ रॉकेट ४ जून १९९६ ला उडाल्यावर जेमतेम ४० सेकंदांत नष्ट झालं. मोठा आकडा १६ बिटांच्या छोट्या जागेत कोंबला गेला, आपल्या कापसाच्या पट्टीसारखंच. तो प्रोग्राम अडा नावाच्या सुरक्षित समजल्या जाणाऱ्या भाषेत होता. फक्त मशीनवर ताण नको म्हणून त्या आकड्यापुरतं संरक्षण लोकांनीच ठेवलं नव्हतं.

भाषेसोबत येणारी अवजारं

ट्रॅक्टर घेताना कुणी नुसतं इंजिन घेत नाही. नांगर, रोटाव्हेटर, जवळपास मेकॅनिक आहे का, सगळं बघतो. भाषेचंही आता तसं झालंय. दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड योग्य आवृत्तीसह आणून देणारं साधन, लिखाण नीट मांडून देणारं साधन, चाचण्या चालवणारं साधन, हे सोबतच आलं पाहिजे. रस्टचं कार्गो हे सगळं एकाच ठिकाणी देतं, गोमध्येही चांगलं आहे. सीमध्ये ज्याने त्याने आपापलं बघायचं.

तयार कोड आणण्यात धोकाही आहे. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या एका लेखकाने वादातून आपला अवघ्या ११ ओळींचा तुकडा भांडारातून काढून घेतला, आणि त्यावर अवलंबून असलेली जगभरातली कामं काही तास अडली.

अजून एक गोष्ट, फोनच्या जाहिरातीत ‘ऑक्टा कोअर’ लिहिलेलं असतं. म्हणजे आत आठ मजूर. आठ जण एकाच गाठोड्यात कापूस टाकायला लागले की सांडासांड होणारच. जुन्या भाषा एकाच मजुराच्या काळातल्या, त्यांना हे जड जातं. गो भाषा याच कामासाठी नावाजलेली आहे.

ऊस चालतो, कापूस चालत नाही

आता आपल्या घरचा प्रश्न. मराठी लिहिता येतं का?

टर्बो सीच्या पडद्यावर देवनागरी उमटत नाही. डॉसच्या काळात त्यासाठी पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवावं लागायचं. नंतर वेगवेगळ्या फॉन्टचा काळ आला. एका ऑफिसात टाईप केलेलं पत्र दुसऱ्या ऑफिसात उघडलं की चित्रविचित्र अक्षरं. युनिकोड आल्यावर हा घोळ मिटत गेला, कारण प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक मिळाला. देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात आहे. आधुनिक भाषा युनिकोड धरूनच चालते.

तरी त्यातही फरक आहेत. ‘जालना’ या शब्दात किती अक्षरं? आपण म्हणू तीन : जा, ल, ना. ॲपलची २०१४ ची स्विफ्ट भाषाही तीनच सांगते. पायथन पाच सांगते, कारण ती दोन काने वेगळे मोजते. सी भाषेचं नेहमीचं मोजमाप १५ सांगतं, कारण देवनागरीचा प्रत्येक तुकडा साठवायला तीन बाइट लागतात. म्हणूनच एखाद्या यादीत मराठी नाव मध्येच तुटलेलं, शेवटची वेलांटी किंवा काना गायब झालेला दिसतो. कुणीतरी इंग्रजीच्या हिशोबाने मोजून कापलेलं असतं.

आकड्यांचंही तसंच. पायथनला मराठीत २० असा मजकूर दिला आणि पूर्णांक कर म्हटलं तर ती बरोबर वीस करते. जावास्क्रिप्ट म्हणते ही संख्याच नाही. ऑनलाइन फॉर्ममध्ये मराठी आकडे टाकले की तो अडतो, त्याचं एक कारण हे असू शकतं.

प्रोग्राममध्ये आपण आकड्यांना नावं देतो, जसं भाव, वजन. पायथन ३ मध्ये ही नावं मराठीतही देता येतात. कापूस बरोबर वीस, असं लिहा, चालतं. रस्टमध्ये २०२१ पासून चालतं. गंमत गो भाषेची आहे. गुगलने २००९ ला आणलेली, आधुनिक म्हणून गाजलेली भाषा. तिच्यात ‘ऊस’ हे नाव चालतं, ‘कापूस’ चालत नाही! कारण गोच्या नियमात नावात फक्त पूर्ण अक्षरं, अंक आणि खालची रेघ एवढंच बसतं, आणि काना, उकार, वेलांटी यांना युनिकोडमध्ये पूर्ण अक्षर धरलेलं नाही. ‘ऊस’ मध्ये मात्रा नाही म्हणून तो सुटतो. या भाषेच्या तीन निर्मात्यांपैकी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनीच १९९२ ला यूटीएफ-८ ही युनिकोड साठवण्याची पद्धत काढली होती, जिच्यावर आज मराठी इंटरनेट उभं आहे. अवतरणात घातलेला मराठी मजकूर गोमध्ये व्यवस्थित चालतो, अडतात ती फक्त नावं. पण मराठी माणसाच्या दृष्टीने इथे गो मागे आहे, असं म्हणायला हरकत नाही.

पाऊस अजून फोर्ट्रानमध्येच

मग जुन्या भाषा मोडीत काढायच्या का? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत जानेवारी २०१८ ला ‘प्रत्यूष’ हा महासंगणक बसला. पावसाच्या अंदाजासाठी जगभर जी मोठी हवामान मॉडेलं चालतात, जीएफएस, डब्ल्यूआरएफ, त्यांचा बराचसा भाग फोर्ट्रानमध्ये आहे. १९५७ ची भाषा. आकड्यांच्या मोठ्या तक्त्यांवर झपाट्याने गणित करण्यात ती आजही कुणाला हार जात नाही. मधल्या काळात ती बदललीही आहे, १९९० च्या सुधारणेत मोठा फेरबदल झाला आणि अगदी २०२३ ला नवं प्रमाण निघालं. जावाचीही दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. उलट पायथन २ ही एके काळची लोकप्रिय आवृत्ती १ जानेवारी २०२० ला अधिकृतपणे बंद झाली. अजून तिचेच धडे देणारी पुस्तकं कपाटात असतील तर ती तिथेच राहू द्यावीत.

फी भरण्याआधी काय विचारायचं

क्लासच्या सरांना भाषेचं नाव विचारण्यापेक्षा आवृत्ती विचारा. सी शिकवत असतील तर टर्बोवर की जीसीसीवर? सी शिकणं वाया जात नाही, मशीन आतून कसं चालतं हे तिच्यातून चांगलं कळतं, पण १९९० च्या सॉफ्टवेअरवर शिकलेलं पोरगं मुलाखतीत अडखळतं. पायथन शिकवत असतील तर ३ आहे ना? जावा असेल तर कोणत्या सालची? तंत्रनिकेतनच्या कॉम्प्युटर डिप्लोमात सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन हे विषय येतातच. तेच पुन्हा बाहेर पैसे देऊन शिकायचं असेल तर त्यात जास्तीचं काय मिळणार, हेही विचारायला लाजू नये.

‘आता एआयच कोड लिहितो, मग शिकायचं कशाला’ असंही पोरं म्हणतात. एआय लिहितो हे खरं, पण चुकाही त्याच आत्मविश्वासाने लिहितो. त्या पकडणारी कडक भाषा आणि वाचून समजणारा माणूस, दोघांची गरज त्यामुळे वाढली आहे.

नवशिक्याने पायथनपासून सुरुवात करावी, हा सल्ला बहुतेक जाणकार देतात आणि तो बरोबर आहे. पैसे न भरताही सुरुवात होते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या केंद्र सरकारच्या मदतीने चालणाऱ्या उपक्रमात सी, सी प्लस प्लस, जावा, पायथनचे छोटे व्हिडिओ पाठ मोफत आहेत आणि अनेकांचा आवाज मराठीत आहे. सराव फोनवरही होतो. ‘पायड्रॉइड ३’ हे ॲप टाकलं की पायथनचे प्रोग्राम फोनवरच चालतात. ‘टर्मक्स’ टाकलं तर आजच्या काळाचा सी कंपायलरसुद्धा फोनवर बसतो, टर्बोची गरजच उरत नाही.

लॅपटॉपची घाई करू नये. दोन-तीन महिने पोरगं फोनवर रोज लिहितंय का ते बघावं, मग घ्यावा. अँड्रॉइड ॲप बनवायला शिकायचं असेल तर त्यासाठी लागणारं अँड्रॉइड स्टुडिओ कमीत कमी ८ जीबी रॅम मागतं. दुकानदार ४ जीबीचा स्वस्त लॅपटॉप गळ्यात मारत असेल तर तो पायथन आणि सीच्या सरावाला पुरेल, ॲपच्या कामाला नाही.